पोह्याच्या तीन प्लेटा

माझ्याविषयी आजवर एकच बातमी छापून आली आहे, आणि ती पोह्यांची आहे. रावेर तालुक्याच्या बातम्या मी सव्वीस वर्षं लिहिल्या. त्यात निवडणुका आल्या, वाहून गेलेले पूल आले, वादळात आडव्या झालेल्या केळीच्या बागा आल्या. पण आजही कोणी माझी ओळख करून देताना ‘हे चौधरी, पेपरवाले’ एवढं म्हणून जरा थांबला आणि त्याच्या ओठांच्या कडेला हसू आलं, की मी समजतो, याला ‘ठसका’ आठवला.

‘ठसका’ हे साप्ताहिक. चार पानं, दर शुक्रवारी. मालक, संपादक, वार्ताहर आणि वाटप करणारा, सगळं एकच माणूस: सुपडूनाना. मूळचे साक्रीकडचे, एसटीत कंडक्टर, बदलीवर रावेरला आले आणि इथलेच झाले. बोली मात्र त्यांनी बदलली नाही. अख्खा तालुका ‘मले, तुले’ बोलायचा आणि नाना त्यात आपली अहिराणी रेटायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी पेपर काढला. त्यांची बातमी तिकिटाएवढी असायची: कुठून कुठपर्यंत, किती जण, उतरा खाली. विशेषणांचा त्यांना मनापासून राग होता. माझ्या बातम्यांत ती भरपूर असत, म्हणून त्यांना माझाही राग होता. मीही त्यांच्यावर फार प्रेम करत होतो अशातला भाग नाही.

तालुक्याचा वार्ताहर म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. लोकांना वाटतं, हा माणूस बातम्या शोधत हिंडतो. प्रत्यक्षात बातम्याच त्याला शोधत घरी येतात, टाइप करून, फोटोसकट, आणि खाली ‘प्रसिद्धीसाठी’ असं लिहून. शिवाय तोच पेपरचा एजंट असतो आणि तोच जाहिराती गोळा करतो. सकाळी ज्या पुढाऱ्याकडे वाढदिवसाची जाहिरात मागायची, त्याच्याच कारभारावर दुपारी लिहायचं, असा हा पेशा आहे. सकाळचं काम आम्ही सगळेच चोख करायचो. दुपारचं जरा मागे पडायचं.

आणखी एक गुपित सांगतो. उद्घाटनाची बातमी उद्घाटनाच्या आधी लिहिलेली असते. सातपुड्याच्या पायथ्याला मोबाइलला रेंज नसते, आणि जळगावला आमच्या पेपरची जिल्ह्याची पानं छपाईसाठी लवकर लागायची. म्हणून मी पहाटे उठून बातमी टाइप करून ठेवायचो. पाहुण्यांच्या नावांची जागा मोकळी ठेवायची, कार्यक्रम उरकून परत येताना रेंज मिळाली की नावं भरायची आणि पाठवून द्यायची. माणसं काय बोलतील, टाळ्या कधी वाजतील, ग्रामस्थांना काय वाटेल, हे सगळं मला सकाळी सहालाच ठाऊक असायचं.

तर करोनाच्या आधीच्या एका उन्हाळ्यात, पायथ्याच्या एका पाड्यावर नळपाणी योजनेचं उद्घाटन होतं. उद्घाटक होते पंचायत समितीचे सभापती. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी आम्हा दैनिकांच्या सात प्रतिनिधींसाठी जीप पाठवली. मी मोटरसायकल त्यांच्या कार्यालयापाशी लावली आणि हेल्मेट हातात घेऊन जीपमध्ये बसलो, कारण आधीचं हेल्मेट तिथूनच गेलं होतं. हे हेल्मेट लाल होतं. रावेरात त्या काळी हेल्मेट घालणारा मी एकटाच होतो, हे लक्षात असू द्या.

नाना कधी पुढाऱ्याच्या जीपमध्ये बसत नसत. एसटीचा पास आहे म्हणून त्यांना हे तत्त्व परवडतं, असं आम्ही म्हणायचो. ते बसने फाट्यापर्यंत आले आणि तिथून पायवाटेने तीन किलोमीटर चालत पाड्यावर पोचले. पायवाट शाळेच्या मागच्या बाजूने येते. त्यामुळे आम्ही पाहुणे पुढून पोचलो आणि नाना मागून. पुढचं सगळं रामायण या एका फरकाने घडलं.

पुढच्या बाजूला मांडव होता, नवा कोरा नळ होता, नळाला झेंडूची माळ होती आणि कढईभर पोहे होते. पोहे, खरं सांगतो, अप्रतिम होते. शेंगदाणे सढळ हाताने घातलेले, वर ओलं खोबरं आणि बाजूला तळलेली हिरवी मिरची. भाऊसाहेबांनी नळ उघडला, धो धो पाणी आलं, टाळ्या झाल्या. हिरव्या लुगड्यातल्या एका म्हाताऱ्या अक्काला पुढे करून तिचा हंडा नळाखाली लावला, आणि मी फोटो काढला.

मग मी हात धुवायला शाळेच्या मागे गेलो. तिथे पाण्याचा टँकर उभा होता. टँकरपासून एक जाड हिरवा पाइप जमिनीवरून मांडवाकडे गेला होता. ड्रायव्हर भला माणूस होता. त्याने मला पाहून मागची तोटी उघडली आणि माझ्या हातांवर पाणी सोडलं. मी त्याला बरं वाटावं म्हणून दोन शब्द बोललो आणि रुमालाने हात पुसत परत आलो.

फोटो झाले, गाड्या निघाल्या, तसा टँकरही निघाला. आमची जीप शेवटची होती. शाळेच्या पायरीवर बसून नाना वहीत काहीतरी टिपत होते. अक्का हंडा घेऊन नळापाशीच उभी होती. नळाला आता फक्त माळ होती. मी उगाच विचारायचं म्हणून विचारलं, “काय अक्का, भरला का हंडा?”

“आर्धाच भरला भाऊ,” ती म्हणाली. “बाकीचा तुमच्या पेपरात भरून टाका.”

जीपमध्ये सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. फाट्यावर रेंज आली तशी मी नावं भरली आणि बातमी पाठवली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या नावासकट, तीन कॉलम फोटोसह आली: ‘पाण्याची धार पाहून ग्रामस्थ गहिवरले.’ तिथे कोणीही गहिवरलं नव्हतं. तो शब्द मी सकाळी सहाला घरी बसून लिहिला होता आणि तो काढायचं माझ्या मनातही आलं नाही.

शुक्रवारी ‘ठसका’ आला. मथळा होता, ‘नळ आला, पाणी परत गेलं’. खाली टँकर, त्याचा नंबर, हिरवा पाइप आणि अक्काचं वाक्य, जसंच्या तसं. आणि सगळ्यात शेवटी दोन ओळी: ‘दैनिकांचे प्रतिनिधी या वेळी पोहे खात होते. लाल हेल्मेटवाल्या प्रतिनिधींनी तीन प्लेटा संपवल्या.’

मला टँकरचा राग आला नाही. मला प्लेटांचा राग आला. मी तरातरा नानांच्या घरी गेलो. प्लेटा दोन होत्या, खुलासा छापा, असं बजावलं. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“लेखी लई ये,” ते म्हणाले. “संगे पुरावा जोड.”

माझा खुलासा लिहून व्हायच्या आतच, शनिवारी सकाळी, भाऊसाहेबांच्या माणसांनी पोलीस ठाण्यात नानांविरुद्ध तक्रार दिली. बदनामी, अफवा, समाजात तेढ, जेवढं सुचेल तेवढं त्यात होतं. पोलिसांनी नानांचा कॉम्प्युटर उचलला, मोबाइल ठेवून घेतला आणि चौकशी पुरी होईपर्यंत रोज सकाळी दहाला येऊन संध्याकाळपर्यंत ठाण्यातल्या बाकावर बसायला सांगितलं. ‘ठसका’ छापणारा प्रेसवाला घाबरला. पोलिसांचं मिटल्याशिवाय कागदाला शाई लावणार नाही म्हणाला. पुढचा शुक्रवार सहा दिवसांवर होता. एकोणीस वर्षांत नानांचा एकही शुक्रवार चुकला नव्हता. बायको गेली त्या आठवड्यातही अंक निघाला होता. तो चुकला की पुढचाही चुकेल आणि मग पेपर संपेल, हे भाऊसाहेबांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

हे ऐकून मला आत कुठेतरी बरं वाटलं, हे लपवत नाही. प्लेटांचं दुःख ताजं होतं. पण रविवारी मला कळलं, की तक्रारीला पुरावा म्हणून आम्हा सात दैनिकांची कात्रणं जोडली आहेत. सात पेपर म्हणतात धार आली, एक साप्ताहिक म्हणतं टँकर होता, मग खोटं कोण? त्या सात कात्रणांत सगळ्यात वर माझं होतं, कारण त्यातला फोटो सगळ्यात मोठा होता. म्हणजे नाना त्या बाकावर बसले होते ते माझ्या गहिवरामुळे. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. घरच्यांना वाटलं, पोह्यांच्या बातमीमुळे मी खाणं कमी केलं.

सोमवारी या गोष्टीत आबासाहेब शिरले. आबासाहेब माजी सभापती, भाऊसाहेबांचे जुने वैरी. त्यांनी पत्रकारितेची गळचेपी म्हणून पोलीस ठाण्यावर मोर्चा आणला. पुढे भला मोठा फ्लेक्स होता. त्यावर आबासाहेब दाराएवढे, त्यांचे वरचे नेते खिडकीएवढे, त्यांचे कार्यकर्ते पेटीएवढे, आणि खाली उजवीकडे नाना, पोस्टाच्या तिकिटाएवढे. नाना बाकावरून खिडकीतून बराच वेळ तो फ्लेक्स न्याहाळत होते.

“हाऊ कोन शे तठे कोपरामा?” त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, तुम्हीच आहात. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, पण खात्री पटल्यासारखं दिसलं नाही.

आता या आबासाहेबांचं आणि ‘ठसका’चं नातं सांगतो. ते स्वतः सभापती असताना नानांनी त्यांच्यावर लिहिलं होतं. आबासाहेब तक्रारबिक्रारीच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांनी सकाळीच माणसं पाठवून स्टँडवरचे आणि दुकानांतले सगळे अंक विकत घेतले आणि आपल्या मळ्यात नेले. तिथे त्या दिवशी केळीची गाडी भरत होती. घडाच्या फण्यांना खाली-वर रद्दी घालायची पद्धत, त्यात हे अंक गेले. अशा रीतीने आबासाहेबांविरुद्धची बातमी आबासाहेबांच्याच केळीबरोबर, त्यांच्याच खर्चाने दिल्लीला पोचली. रावेर तालुक्याच्या साप्ताहिकाला एवढा लांबचा खप पुन्हा कधी मिळाला नाही.

मोर्चा पोलीस ठाण्याच्या दारात आला तेव्हा आबासाहेब हार घेऊन नानांकडे निघाले. नाना उठून बाहेर आले. त्यांनी हार घेतला नाही.

“मना पेपर कोनाच पार्टीना नही,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “तू बी दाबेल शे तो. जाय घर.”

आबासाहेबांनी शांतपणे तो हार फ्लेक्सवरच्या स्वतःच्या फोटोला घातला. माळ वाया जाऊ नये, एवढाच हेतू असावा.

मंगळवारी तालुका पत्रकार संघाची बैठक झाली. मी संघाचा सचिव. अध्यक्ष नव्हता, कारण त्या पदासाठी सातही जण उमेदवार होते. बैठक एका सदस्याच्या झेरॉक्सच्या दुकानामागे भरली. तिघं म्हणाले, आबासाहेबांबरोबर जाऊ, त्यांच्याकडे माणसं आहेत. तिघं म्हणाले, नानांना आबासाहेबांनीच हे लिहायला लावलं नसेल कशावरून? अर्धा तास कोण कोणाचा माणूस यावरच गेला. शेवटी मी म्हणालो, “नाना कोणाचे ते नंतर बघू. टँकर होता की नव्हता? आपण सगळे तिथे होतो.”

एकाने चहा सांगितला.

चहानंतर निवेदन द्यायचं ठरलं. निवेदन ही आमच्याकडची फार मोठी सोय आहे. ते तहसीलदारांना द्यायचं, देताना फोटो काढायचा, फोटोत प्रत्येकाचा हात कागदाला लागलेला दिसला पाहिजे, आणि मग ते फोटोसकट आपापल्या पेपरात छापायचं. पुढे त्या कागदाचं काय होतं, हे कोणी विचारत नाही. ‘निषेध’ शब्दाला तिघांची हरकत, ‘चौकशी’ शब्दाला दुसऱ्या तिघांची. सरतेशेवटी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ यावर एकमत झालं. त्या फोटोत कागदाला सात हात लागलेले आहेत आणि सातव्याचा धनी मी आहे. त्याची मला आजही लाज वाटते.

घरी आल्यावर मी मोबाइलमधला पाड्यावरचा मूळ फोटो काढून पाहिला. इथे धंद्यातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वाचक जो फोटो पाहतो तो पूर्ण नसतो. पेपरात फोटो कापतात. कधी जागा नसते म्हणून, कधी कोपऱ्यात नको ते आलेलं असतं म्हणून. माझा फोटो जळगावला पान लावणाऱ्यांच्या टेबलावर दोन्ही बाजूंनी कापला गेला होता आणि मधे फक्त भाऊसाहेब, नळ आणि अक्का उरली होती. मूळ फोटोत डावीकडे शाळेची भिंत संपत होती, आणि तिच्याआडून टँकरचा मागचा भाग आणि हिरवा पाइप ढळढळीत दिसत होता. उजवीकडे जे होतं त्याकडे मी वळतोच, पण जरा नंतर.

त्या फोटोबद्दल मी फक्त संघातल्या एका मित्राला सांगितलं. म्हणजे बुधवारी सकाळी सातला आबासाहेब माझ्या ओसरीवर हजर.

“चौधरी, तो फोटो मले दे,” ते म्हणाले. “लोकशाहीचा प्रश्न आहे. संध्याकाळपर्यंत घराघरातल्या मोबाइलवर नेतो.”

मी म्हणालो, फोटो मी छापला तर माझ्या पेपरात छापीन. तुमच्याकडे दिला तर तो टँकरचा फोटो राहणार नाही, तुमच्या प्रचाराचा होईल, आणि नाना खरंच तुमचे ठरतील. मग मी त्यांना केळीच्या गाडीची आठवण करून दिली.

“ते वेगळं व्हतं,” आबासाहेब म्हणाले.

“कसं वेगळं?”

“ते माझ्याबद्दल व्हतं ना.”

इतकं सरळ उत्तर मला माझ्या सगळ्या नोकरीत कोणत्याही पुढाऱ्याने दिलं नाही. मी त्यांना चहा पाजला आणि रिकाम्या हाताने वाटेला लावलं.

ते गेले आणि भाऊसाहेबांचा फोन आला. भाऊसाहेब कधी आवाज चढवत नसत. पुढच्या महिन्यात त्यांचा वाढदिवस होता आणि आमच्या पेपरची चार पानी रंगीत पुरवणी ठरलेली होती. तिची त्यांनी प्रेमाने चौकशी केली. मग म्हणाले, तुमचा तो फोटो जरा धूसर आलाय म्हणे. मी म्हणालो, नाही, स्वच्छ आहे.

“चौधरी, पाणी पुढे येणारच होतं,” ते म्हणाले. “आम्ही फक्त थोडं आधी दाखवलं.”

दहा वाजता मी पोलीस ठाण्यात गेलो. नाना बाकावर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुरावा आणला का, म्हणून विचारलं. त्यांना वाटलं मी प्लेटांचा खुलासा घेऊन आलो आहे. मी तडक निरीक्षकांच्या खोलीत शिरलो.

निरीक्षक बाहेरच्या जिल्ह्यातले होते आणि या सगळ्याला विटलेले दिसत होते. त्यांनी फाइल उघडून माझं कात्रण समोर ठेवलं. “तुम्हीच लिहिलंय. धार आली, ग्रामस्थ गहिवरले. तुम्ही पाहिलंत ना?”

“साहेब, ही बातमी मी सकाळी सहाला लिहिली,” मी म्हणालो. “उद्घाटन अकराला होतं.”

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग मी सगळं सांगितलं. टँकर पाहिला, त्याच्या पाण्याने हात धुतले, अक्काचं वाक्य माझ्याच तोंडावर बोललं गेलं, आणि मी ते लिहिलं नाही. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांचे जबाब ऐकून बातम्या केल्या. स्वतःचा जबाब द्यायची ती पहिलीच वेळ. निरीक्षकांनी मूळ फोटो आपल्या कॉम्प्युटरवर मोठा करून घेतला. डावीकडचा टँकर पाहिला, नंबर टिपून घेतला. मग फोटो उजवीकडे सरकवला, वाकून काहीतरी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिशीतल्या मिशीत हसले. पण जबाबात त्यांनी ते घेतलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

दुपारी मी बातमी लिहिली. मथळा दिला, ‘मी पाहिलं आणि लिहिलं नाही’. आयुष्यात पहिल्यांदा विशेषण न वापरता लिहिली. जळगावला संपादकांना फोन केला. ते चांगले गृहस्थ होते, पण पुरवणी त्यांनाही प्यारी होती.

“चौधरी, माणसं चुकतात,” ते म्हणाले. “पण ती छापतात का?”

मी म्हणालो, हे छापणार नसाल तर माझा आजच राजीनामा घ्या. रावेरचा केळी भाव रोज फोन करकरून मी पाठवतो, तोही उद्यापासून दुसऱ्या कोणाकडून मागवा. ते बराच वेळ सुस्कारे टाकत राहिले. शेवटी म्हणाले, ठीक आहे, छोटी करून कुठेतरी लावतो, कोणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी. मी बातमी, डावी बाजू न कापलेला फोटो आणि त्या दिवशीचा केळी भाव एकत्रच पाठवून दिला.

पान लावणारे उपसंपादक पुण्याहून नुकतेच आले होते. हुशार होते, फक्त खानदेश त्यांना नवा होता. संपादकांनी त्यांना सांगितलं, जिथे कोणी पाहत नाही अशी जागा शोधा. त्यांनी सगळा अंक चाळून ती शोधून काढली: पान सात, तळाला, केळी भावाच्या चौकटीला लागून.

रावेर तालुक्यात पेपर पहिल्या पानापासून वाचत नाहीत. पान सात, तळ, केळी भाव, इथून सुरुवात. मग ज्याला वेळ असेल तो पंतप्रधान काय म्हणाले ते पाहतो. गुरुवारी सकाळी बागांत घड उतरवणाऱ्या टोळ्या, ट्रॅक्टरवाले, व्यापारी, चौकातले चहावाले, सगळ्यांनी भाव पाहायला पान सात उलगडलं आणि शेजारी टँकर पाहिला. पहिल्या पानावर छापून पेपर फुकट वाटला असता तरी ही बातमी इतक्या लोकांनी वाचली नसती. नऊ वाजेपर्यंत मला चाळीस फोन आले. त्यातले दहा, भाव खरा आहे का, हे विचारणारे होते. शेजारीच मी चुका कबूल करायला लागल्यामुळे त्यांना शंका आली होती.

दुपारी भाऊसाहेबांनी, ठेकेदाराने आपली फसवणूक केली असं जाहीर करून तक्रार मागे घेतली. चार वाजता पोलिसांनी नानांचा कॉम्प्युटर परत दिला. प्रेसवाला म्हणाला, आता चार पानं होणार नाहीत. नाना म्हणाले, दोन कर. शुक्रवारी सकाळी ‘ठसका’ दोन पानांचा निघाला. शुक्रवार चुकला नाही.

तोवर आबासाहेबांनी चौकात नवा फ्लेक्स लावला होता. त्यात माझी छापलेली बातमी मोठी करून घेतली होती. टँकर होता, आबासाहेब होते, आणि मी पाहूनही लिहिलं नाही ही माझी कबुली जागेअभावी कापलेली होती. शुक्रवारच्या ‘ठसका’च्या पहिल्या पानावर भाऊसाहेबांची तक्रार होती. दुसऱ्या पानावर, आबासाहेब सभापती असताना त्याच पाड्यावर खणलेल्या आणि आता कोणालाच न सापडणाऱ्या विहिरीची हकिगत होती. संध्याकाळी फ्लेक्स उतरला. माझ्या कबुलीबद्दल नानांनी एकच ओळ लिहिली: ‘दैनिकाला दहा दिवसांनी टँकर दिसला.’ आभाराचा शब्द नाही. मला खरं तर वाईट वाटायला हवं होतं, पण मी ती ओळ चार वेळा वाचली.

पुरवणी रद्द झाली. दोन महिन्यांनी माझी धुळ्याच्या कार्यालयात बदली झाली, टेबलावर. तिथे काम काय दिलं, तर आलेले फोटो कापायचं. निवृत्त होईपर्यंत मी हजारो फोटो कापले, आणि दर वेळी कात्री कोपऱ्याशी आली की हात थांबायचा. पाड्यावर खरं पाणी पुढच्या वर्षी आलं. मी धुळ्याहून रजा काढून पाहायला गेलो. अक्काने हंडा पूर्ण भरून दाखवला, आणि या वेळी पेपरात काही भरू नका म्हणाली.

आता उजव्या बाजूचं. गेल्या महिन्यात मी नानांना भेटायला गेलो. अंक बंद करून त्यांना दोन वर्षं झाली, नजर जवळजवळ गेली आहे. मी दिवाळी अंकासाठी ही हकिगत लिहितोय असं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“त्या फोटोनी डावी बाजू तू छापी,” ते म्हणाले. “उजवी कोठे शे?”

त्यांना कोणी सांगितलं, कोण जाणे. निरीक्षकांनीच सांगितलं असावं. मूळ फोटोत उजव्या कोपऱ्यात एक प्लास्टिकची खुर्ची आहे. खुर्चीवर लाल हेल्मेट आहे आणि त्याच्या शेजारी एकात एक ठेवलेल्या स्टीलच्या रिकाम्या प्लेटा आहेत. गुरुवारच्या अंकासाठी फोटो पाठवताना डावी बाजू मी ठेवली आणि उजवी माझ्या हाताने कापली. सत्यासाठी राजीनामा द्यायला निघालेल्या माणसाने. भाऊसाहेबांना राग टँकर खोटा होता म्हणून आला नव्हता, खरा होता म्हणून आला होता. मला हे फार लवकर कळलं, कारण माझंही तसंच होतं.

या अंकाच्या संपादकांकडे मी तो फोटो पूर्ण पाठवला आहे आणि कुठेही कापू नका असं बजावलं आहे. पण नानांना फोटो दिसणार नाही, त्यांना हा लेख मी वाचून दाखवणार आहे, म्हणून शब्दांतही लिहितो. नाना, प्लेटा तीन होत्या. आणि चौथी मी मागितली होती, तोवर कढई रिकामी झाली होती. ही बातमी मात्र तुमच्याकडून सुटली. ती आज पहिल्यांदा मी देतो आहे.